दोष कबूल केला, पण शिक्षा ठरवली कोणी?

दुभाषी

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी इथे धागा काढतेय.

मी वकील नाही. वडिलांच्या बँकेतल्या बदलीमुळे माझी शाळा कोलकात्यात झाली, म्हणून बांगला येते. आणि बांगला येते म्हणून गेली सहा वर्षं मुंबईतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतून बोलावणं आलं की दुभाषी म्हणून जाते. खटले बहुतेक एकाच प्रकारचे असतात. पासपोर्ट-व्हिसा नसताना भारतात आल्याचा आरोप असलेली माणसं: नाक्यावरचे गवंडी, भांडी घासणाऱ्या बायका, भंगार गोळा करणारे.

दोन वर्षांपूर्वीची एक बाई माझ्या डोक्यातून जात नाही. पन्नाशीची, घरकाम करणारी, पाच महिने कच्ची कैद भोगून झालेली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? मी बांगलात विचारलं, "दोष शिकार कोरछेन?" बांगलात 'स्वीकार' या शब्दाचा उच्चार 'शिकार' असाच होतो. शाळेपासून मी तो शब्द हजारदा बोलले असेन, त्या दिवशी मात्र तो माझ्या मराठी कानाला ऐकू आला. ती म्हणाली, "शिकार कोरले बाडी जाबो तो, दीदी?" कबूल केलं तर घरी जाईन ना?

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. साहेबांनी तिला नीट समजावलं की कबुलीवर शिक्षा होते. ती हो म्हणाली. सहा महिने साधी कैद, थोडा दंड, दंड न भरल्यास आणखी पंधरा दिवस. मागचे पाच महिने वजा. चार मिनिटांत सगळं संपलं.

लीगल एडच्या (गरिबांना मिळणाऱ्या मोफत कायदेशीर मदतीच्या) वकीलबाईंकडून पुढे कळलं की शिक्षा दीड महिन्यात भोगून झाली आणि ती सीमेपलीकडे गेली त्यानंतर अकरा महिन्यांनी. तिच्या राष्ट्रीयत्वाची पडताळणी होऊन कागद येईपर्यंत ती कोठडीतच होती. न्यायाधीशांनी लिहिली सहा महिने, तिने भोगलं जवळपास दीड वर्ष. त्यातल्या मोठ्या भागावर कुणाची सहीच नाही.

आणि ते दोन गवंडी. सख्खे चुलतभाऊ, एकाच रात्री सीमा ओलांडून आलेले, एकाच आठवड्यात धरलेले, फक्त पोलीस ठाणी वेगळी. एकाला विदेशी नागरिक कायद्याचं कलम १४ लागलं आणि चार महिने झाले. दुसऱ्याला १४ अ लागलं. त्यात दोन वर्षांपेक्षा कमी देताच येत नव्हतं.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि विदेशी नागरिक कायदा लागू झालाय. वर्तमानपत्रांत "पाच लाख दंड, कडक कायदा" असे मथळे आले. मी मूळ कलम वाचलं तर दोन वर्षांची किमान मर्यादा मला दिसलीच नाही. मी चुकीचं वाचतेय का? आणि मुख्य म्हणजे, अशा माणसाला किती शिक्षा व्हावी हे आपल्याकडे कधी कुणी बसून ठरवलंय का?

गेट_नं_४

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आमच्या मीरा रोडच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. भाडेकरार, पोलीस व्हेरिफिकेशन, आधार, सगळं घेऊन खोली दिलेल्या माणसाची कागदपत्रं बोगस निघाली आणि ठाण्यात मला चार चकरा माराव्या लागल्या. घरमालक तर महिनाभर झोपला नाही. कायदा मोडून आलेल्याला दोन वर्षं जास्त कशी? माझ्या मते पाच हवीत.

अडुळसा

दुभाषीताई, तुम्ही बरोबर वाचलंय. वकील आहे, फौजदारीच करतो, म्हणून जरा लांब लिहितो.

१९४६ च्या विदेशी नागरिक कायद्यात २००४ साली १४ अ घातलं. वैध कागदपत्रांशिवाय आलात किंवा राहिलात तर किमान २ वर्षं, कमाल ८, दंड १० ते ५० हजार. जुनं कलम १४ तसंच राहिलं: कमाल ५, किमान काही नाही. शिवाय १९२० चा पासपोर्ट कायदा, त्यालाही कमाल ५. म्हणजे एकाच कृत्याला तीन दारं, आणि कुठल्या दारातून आत न्यायचं ते एफआयआर लिहिणारा ठरवणार. तुमच्या दोन गवंड्यांचं उत्तर इथे आहे.

नव्या कायद्याच्या कलम २१ मध्ये विनाकागदपत्र प्रवेशाला कमाल ५ वर्षं किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. किमान शिक्षा गेली. बनावट पासपोर्ट-व्हिसा जाणूनबुजून वापरणं किंवा पुरवणं हे वेगळं, कलम २२: किमान २, कमाल ७, दंड १ ते १० लाख. व्हिसा संपूनही राहिलात तर कमाल ३ वर्षं, कमाल दंड ३ लाख. मला विचाराल तर ही विभागणी जुन्यापेक्षा शहाणी आहे.

मथळ्यांत न आलेली गोष्ट पुढे आहे. ८ वर्षांचा गुन्हा सत्र न्यायालयाकडे जातो, ५ वर्षांचा प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेटकडे. आणि मॅजिस्ट्रेटला नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याच्या) कलम २३ प्रमाणे ३ वर्षं आणि ५० हजारांपलीकडे शिक्षा देता येत नाही. अधिक द्यायची तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं. त्यामुळे पाच लाखांचा आकडा बहुतेक खटल्यांत कागदावरच राहील. पण नाक्यावरच्या माणसाला पाच हजारही पाच लाखांसारखेच. दंड भरला नाही की वाढीव कैद, आणि ती कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांशापर्यंत जाऊ शकते. गरिबाच्या बाबतीत दंड हा शेवटी दिवसांतच मोजला जातो.

खाकीतला_जुना

एकतीस वर्षं खात्यात होतो, त्यातली चार विशेष शाखेत. सेक्रेटरीसाहेबांचा राग मला कळतो. पण वकीलसाहेबांनी एफआयआर लिहिणाऱ्यावर सगळं टाकलं, ते एकतर्फी झालं.

आम्ही कलम १४ आणि पासपोर्टचे नियम ३ आणि ६ का लावायचो? खटला मॅजिस्ट्रेटपुढे राहतो आणि संपतो म्हणून. सत्र न्यायालयात गेला की तारखा पडत राहतात, तपास अधिकाऱ्याची तीनदा बदली होते, पंच सापडत नाहीत. आमचा हेतू त्या माणसाला परत पाठवण्याचा असायचा, वर्षानुवर्षं आर्थर रोडला सांभाळण्याचा नाही. तिथे आधीच क्षमतेच्या कित्येक पट माणसं कोंबलेली आहेत.

आणि कागदपत्रं मिळतात म्हणजे काय मिळतात ते बघितलेलं आहे. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मग आधार, मग पॅन. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्याच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना स्पष्ट सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असलं म्हणजे कुणी नागरिक ठरत नाही, नागरिकत्व १९५५ च्या कायद्याने ठरतं. माझ्या मते ते योग्यच आहे.

खंत एकच आहे. चार वर्षांत शेकडो गवंडी आणि बायका धरल्या. माणशी पैसे घेऊन सीमा ओलांडून देणारा, इथे दाखले बनवून देणारा, असे दलाल किती धरले? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आरोपीला त्यांची नावंही माहीत नसतात, नुसती "अमका भाई". तपास तिथेच थांबतो, कारण खाली आणखी चाळीस फायली असतात.

दुभाषी

काका, हे मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

एक गोष्ट तुमच्या जुन्या सहकाऱ्यांपर्यंत पोचली तर बरं. ठाण्यात मला बरेचदा विचारतात, "मॅडम, हा पानी म्हणतो, जोल म्हणत नाही. म्हणजे बांगलादेशी ना?" नाही. मुर्शिदाबाद, मालदा इथले मुसलमान पिढ्यानपिढ्या पानीच म्हणतात. तो फरक धर्माचा आणि घराचा आहे, देशाचा नाही. १९४७ ची रॅडक्लिफ रेषा एकाच बोलीच्या मधून गेली. इकडच्या नदियाची आणि तिकडच्या कुष्टियाची माणसं शेजारी उभी केली तर मला नुसत्या बोलण्यावरून छातीठोक सांगता येणार नाही, आणि मी लहानपणापासून ही भाषा बोलतेय. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रातून धरून सीमेपलीकडे ढकललेली बंगालची काही माणसं भारतीय निघाली आणि त्यांना परत आणावं लागलं, हे सगळ्यांनी वाचलंय. त्यातले काही मीरा रोडलाच कामाला होते.

शिक्षेच्या चर्चेत हे का आणतेय? नागरिक असल्याचं सिद्ध करायचं ओझं आरोपीवर आहे, जुन्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे. त्यात कबुली चार मिनिटांत उरकली, तर खरोखर परदेशी कोण हे तपासायची शेवटची संधीही त्या चार मिनिटांत जाते.

खाडीपलीकडे

रत्नागिरी तालुक्यातला आहे, आता मुंब्र्याला असतो. आमच्या घरात हा विषय दुसऱ्या बाजूने झालाय.

माझा भाऊ दुबईला गेला तो एजंटच्या हातात पैसे देऊन. व्हिजिट व्हिसा होता, नोकरीचा नाही, हे त्याला तिथे उतरल्यावर कळलं. मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहॅम दंड. दंड भरायला पैसे नाहीत, दंड भरल्याशिवाय निघता येत नाही, म्हणून आणखी राहायचं आणि आणखी दंड. दोन वर्षं आईने त्याचा फक्त फोनवर आवाज ऐकला. मग सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरकारने माफीची मुदत दिली, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. दंड माफ, निघून जा, परत यायला बंदी नाही. तो नोव्हेंबरमध्ये आला.

तेही आपल्या देशाचं कडक रक्षण करणारे लोक आहेत. पण त्यांनी हिशोब केला की माणूस जायला तयार असेल तर त्याला जाऊ देणं स्वस्त पडतं.

आणि एजंट? आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवाना नसताना माणसं पाठवणाऱ्याला कमाल २ वर्षं आणि दंड कमाल २ हजार रुपये. दोन हजार! भावाकडून त्याने सव्वा लाख घेतले होते. तक्रार दिली, पुढे काही झालं नाही. त्यामुळे जुने काका जे दलालांबद्दल म्हणतात ते मला पोटातून पटतं.

गेट_नं_४

खाडीपलीकडे, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण तो विमानाने, पासपोर्ट घेऊन गेला होता. रात्री कुंपणाखालून नाही. मला वाटतं शिक्षा मोठी असली की पुढचा माणूस यायच्या आधी विचार करेल. अमेरिका बघा ना कशी वागते.

जर्सीकर

अमेरिकेचं नाव निघालं म्हणून लिहितोय. मूळचा विलेपार्ल्याचा, अठरा वर्षं न्यू जर्सीत, न्यायालयीन कागदपत्रांशी रोजचा संबंध आहे.

इथे परवानगीशिवाय पहिल्यांदा सीमा ओलांडली तर तो किरकोळ दर्जाचा गुन्हा, कमाल ६ महिने. पुन्हा केलं तर २ वर्षांपर्यंत. एकदा हद्दपार केल्यावर परत सापडलात तर कमाल २ वर्षं, आधी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर ती मर्यादा १० किंवा २० वर्षांवर जाते. आता बघा, आपलं ८ वर्षांचं जुनं १४ अ पहिल्याच प्रवेशाला लागत होतं.

आकड्यांपेक्षा मला इथली पद्धत सांगायची आहे. १९८४ च्या कायद्याने इथे शिक्षा आयोग नेमला. तो कोष्टक छापतो: गुन्ह्याचं वजन एका बाजूला, माणसाचा इतिहास दुसऱ्या बाजूला. हद्दपारीनंतर परत येण्याला मूळ वजन ८. आधीची शिक्षा नसेल तर ० ते ६ महिने. आधीच्या शिक्षा जितक्या लांब, तितकं वजन चढत जातं. २००५ पासून हे कोष्टक न्यायाधीशांवर बंधनकारक नाही, पण ते आधी बघावं लागतं आणि त्यापासून दूर गेलात तर कारण लिहावं लागतं. आरोपीलाही आधी कळतं की अंदाजे किती होईल. ते कोष्टक चुकीचं आहे असं म्हणायलाही लोकांना जागा मिळते, आणि तसं म्हणून म्हणून २०१६ मध्ये या गुन्ह्याचं कोष्टक मुळापासून बदललं गेलं.

सगळं चांगलं आहे असं अजिबात नाही. २००५ मध्ये टेक्सासच्या डेल रिओ भागात 'ऑपरेशन स्ट्रीमलाइन' सुरू झालं. सीमेवर धरलेल्या प्रत्येकावर खटला, आणि डझनावारी माणसांची कबुली एकाच वेळी, हातापायात बेड्या. ॲरिझोनातल्या अशाच प्रकारावर २००९ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांच्या) अपील न्यायालयाने सांगितलं की पन्नासेक जणांनी एका सुरात 'हो' म्हणणं ही नियमात बसणारी कबुली नव्हे, प्रत्येकाला स्वतंत्र विचारलं पाहिजे. आणि २०१० च्या पडिला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कबुलीचा परिणाम हद्दपारीत होणार असेल तर ते आरोपीला सांगणं हे वकिलाचं कर्तव्य आहे.

'फास्ट ट्रॅक' नावाचा आणखी एक प्रकार आहे. लवकर कबुली द्या, वजन चारपर्यंत कमी करू. २००३ च्या कायद्याने त्याला मान्यता मिळाली, पण ती सवलत काही जिल्ह्यांतच. त्यामुळे त्याच गुन्ह्याला एका शहरात दहा महिने, दुसऱ्या शहरात दुप्पट. २०१२ मध्ये ती सगळीकडे लागू करावी लागली. दुभाषीताईंचे दोन गवंडी वाचताना मला तेच आठवलं.

गेटसाहेब, मोठ्या शिक्षेने लोक यायचे थांबले असते तर ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानात १०४ भारतीय नसते. त्यात तिघे आपल्या महाराष्ट्रातले होते. घरदार गहाण टाकून निघालेला माणूस दंडसंहितेचं पुस्तक चाळून निघत नाही.

पिंपळपान

वाचतेय. एकच विचारते: या बायकांची लहान मुलं कुठे असतात?

दुभाषी

पिंपळपान, सहा वर्षांपर्यंतची आईबरोबर तुरुंगात राहू शकतात. सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा उपाध्याय निकाल आहे त्यावर. सहाच्या वरची बालगृहात. एकदा भायखळ्याहून आणलेल्या एका बाईच्या कडेवरचं पोर कोर्टात मराठी बडबडगीत म्हणत होतं, तुरुंगातल्या अंगणवाडीत शिकलेलं. आईला त्यातला एक शब्द कळत नव्हता. मला तिने विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. त्या दिवशीचं ते एकच भाषांतर मला जड गेलं नाही.

अडुळसा

जर्सीकरांनी नेमकं तेच लिहिलं जे मला म्हणायचं होतं. आपल्याकडे असं कोष्टक कुठल्याच गुन्ह्याला नाही. २००३ मध्ये मलिमठ समितीने शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं बनवा म्हणून सांगितलं, पुढे माधव मेनन समितीनेही सांगितलं. २०१२ च्या सोमन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती नसल्याची उघड खंत व्यक्त केली. तरी पान कोरंच आहे.

म्हणून गेटसाहेब, "दोन की पाच" हा वाद मला अपुरा वाटतो. आधी सांगा, कुणाला? पोटासाठी पहिल्यांदा आलेली मोलकरीण आणि हद्दपार होऊन तिसऱ्यांदा आलेला माणूस, या दोघांसाठी न्यायाधीशांच्या हातात एकच शून्य ते पाच अशी मोकळी पट्टी आहे. किमान शिक्षा गेली ते चांगलंच झालं, पण तिच्या जागी काहीच आलं नाही. मग ज्या कोर्टात कबुलीला चार महिने द्यायची रीत पडली तिथे चार, शेजारच्या कोर्टात चौदा.

आत्ता हातात असलेल्या दोन गोष्टी सांगतो, लीगल एडमधलं कुणी वाचत असेल तर.

एक, प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षेवर तडजोड. ७ वर्षांवरच्या गुन्ह्याला ते लागू नाही, म्हणून १४ अ मधल्या माणसाला ते दार बंद होतं. कलम २१ ला ५ वर्षंच आहेत. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला नव्या संहितेच्या कलम २९३ खाली कमाल शिक्षेच्या एक षष्ठांशावर, म्हणजे १० महिन्यांवर प्रकरण मिटू शकतं. अर्ज मात्र आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत करायचा. साधी कबुली देण्याआधी हा हिशोब आरोपीसमोर मांडायलाच हवा.

दुसरी गोष्ट, १ सप्टेंबर २०२५ आधी धरलेले. त्यांना जुनीच किमान दोन वर्षं लागणार असं धरून चालू नका. टी. बराई खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की नंतरच्या कायद्याने शिक्षा कमी केली असेल तर तिचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे. जुन्या कायद्याखालची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालू ठेवणाऱ्या तरतुदीवरून (सेव्हिंग क्लॉज) सरकारी वकील विरोध करतील. करू देत. मुद्दा मांडल्याशिवाय निकाल होत नाही.

आणि शिक्षेनंतरचे ते अकरा महिने. केंद्राच्या २००९ च्या परिपत्रकात पडताळणी आणि रवानगीला ३० दिवस सांगितले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या सुधारगृहांबद्दल, म्हणजे तिथल्या तुरुंगांबद्दल, हेच विचारलं की शिक्षा संपल्यावर ही माणसं आत का आहेत. शिक्षा झाल्यावर पडताळणी सुरू करायची ही रीतच उलटी आहे. अटक झाली त्या आठवड्यात नाव-गावाचे कागद दूतावासाकडे गेले तर खटला आणि पडताळणी बरोबरच संपतील.

खाकीतला_जुना

हे शेवटचं होण्यासारखं आहे. आमच्या वेळी फाईल शिक्षेच्या निकालाची प्रत लागल्यावरच पुढे सरकायची. प्रत मिळायलाच कधी महिना जायचा.

गेट_नं_४

दलालाला सात वर्षं आणि पोटासाठी आलेल्याला लवकर परत, असं असेल तर माझा विरोध नाही. पण परत गेलाच पाहिजे. इथेच सोडून द्यायचं म्हणाल तर नाही. आणि माझ्या सोसायटीतल्या घरमालकाला तपासायला सोपी अशी काहीतरी सोय हवी. आम्ही आधार बघतो, कोर्ट म्हणतं आधार पुरेसं नाही. मग आम्ही काय बघायचं?

दुभाषी

गेटदादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो प्रश्न रास्त आहे. परत पाठवण्याबद्दल आपलं भांडण नाहीच. त्या बाईलाही घरीच जायचं होतं.

अडुळसा, उद्या अकरा वाजता एक रिमांड आहे. मुलगा बाविसेक वर्षांचा, जुलैमध्ये धरलेला, बांगलादेशातल्या सातखिऱ्याचा असं स्वतःच सांगतो. एफआयआरमध्ये १४ अ आहे. लीगल एडची वकील नवी आहे, दोनच वर्षं झालीत तिला. तो बराई निकाल आणि ३० दिवसांची मुदत तिला कळेल अशा भाषेत एका पानावर उतरवून द्याल? बांगलात त्याला समजावून सांगायचं काम माझं. या वेळी 'शिकार' म्हणायच्या आधी साहेबांची परवानगी घेऊन दहा मिनिटं मागणार आहे.

अडुळसा

रात्री लिहून संदेशात पाठवतो. त्याला आरोप समजावल्याची तारीख काय ती आधी बघा, ३० दिवस तिथून मोजायचे.